शाळेची दोरी

माझी बायको एदेलमिरा गेल्यावर आठ महिने मी लाल घोंगडी धुतली नाही. लग्नाच्या आधी तिने ती आपल्या मागावर विणली होती. तिला एदेलमिराचा वास होता, ओल्या लोकरीचा आणि चुलीच्या धुराचा. न धुण्याचं कारण एवढंच.

आमचं घर बेटाच्या टोकावर आहे. शाळा खालच्या खोलगट जागेत, सफरचंदाच्या झाडांमागे. पाण्यावरून शाळा दिसत नाही, पण आमचं घर खाडीच्या तिन्ही किनाऱ्यांवरून दिसतं. शाळेतली मुलं त्याच तीन किनाऱ्यांवरची. अकरा घरांतली एकोणीस मुलं सकाळी होडीने येतात आणि दुपारी होडीनेच परत जातात. एदेलमिरा शाळेत स्वयंपाक करायची. फोनचा खांब तेव्हा बेटावर यायचा होता. आईबापांना काही कळवायचं असलं की बाई तिला सांगायच्या, आणि ती आमच्या अंगणातल्या दोरीवर ते वाळत घालायची.

पांढरी चादर म्हणजे आज भरतीला बैठक. एवढं मला माहीत होतं. निळं काहीतरी शाळेच्या सुट्टीचं होतं, पिवळं बहुतेक नर्सबाईंचं. कधी दोन चादरी असायच्या, कधी एक चादर आणि एक टॉवेल. मी कधी विचारलं नाही. मी होड्या दुरुस्त करायचो, ती दोरी बघायची. लाल मात्र सगळ्यांना माहीत होतं. लाल दिसलं की हातातलं टाकायचं आणि यायचं, काय झालं ते आल्यावर कळेल. तीस वर्षांत लाल तीनदा लागलं. एकदा वाऱ्याने शाळेचं छप्पर उडालं तेव्हा. एकदा पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बाल्दोची धाकटी पोर हरवली होती, ती होडीत जाळ्याखाली झोपलेली सापडली. आणि एकदा आधीच्या बाईंना वर्गातच कळा सुरू झाल्या तेव्हा.

दोरीचा एक नियम होता. आमचे कपडे तिच्यावर घालायचे नाहीत. "लोक वाचतात," ती म्हणायची. "तुझी निळी पँट वाचून उद्या अकरा घरं पोरांना घरी ठेवतील, म्हाताऱ्या." म्हणून आमचे कपडे वर्षाचे बारा महिने चुलीवरच्या काठीवर वाळायचे. माझ्या शर्टाला धुराचा वास, तिच्या झग्याला धुराचा वास. चर्चमध्ये बाकावर बसलो की पुढचे लोक मागे वळून बघायचे.

धुकं असलं तरी ती चादर घालायची. मी म्हणायचो, कुणाला दिसणार आहे? ती म्हणायची, "धुकं उठेल तेव्हा दिसेल."

ती गेली आणि दोरी रिकामी झाली. एप्रिलमध्ये नीदियाबाई वर आल्या. शाळेच्या आताच्या बाई त्याच, तरुण आहेत, तिकडे मोठ्या बेटावर माहेर. माते केला, आमचा कडू पाल्याचा चहा, दोघांनी एकाच नळीने आळीपाळीने प्यायला.

"एरास्मोकाका, एक विचारू? दोरी..."

"दोरी तिची आहे," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि परत कधी विचारलं नाही.

मग त्या चिठ्ठ्या पाठवू लागल्या. मुलांच्या दप्तरातून चिठ्ठ्या होडीत जायच्या, होडीत पाणी असायचं. माझा कोंपाद्रे बाल्दो, म्हणजे त्याच्या थोरल्या मुलाचा बाप्तिस्म्याचा बाप मी, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो, तो सांगायचा की त्याच्याकडे चिठ्ठी शिंपल्यांच्या बादलीच्या तळाशी निघाली. "शिंपल्यांनी वाचली असेल," तो म्हणाला. "त्याच दिवशी सगळ्या उघडल्या, बघ." बैठकीला आधी आठजण यायचे, मग पाच, मग दोन.

मी कधीतरी माझे कपडे धुवायचो आणि घरामागच्या कुंपणावर टाकायचो, जिथून पाणी दिसत नाही. ते वाऱ्यात वाळायचे. त्यांना कसलाच वास नसायचा.

ऑगस्टमध्ये बाल्दोने बातमी आणली. मोठ्या बेटावरच्या शिक्षण कार्यालयातून एक साहेब येणार. शाळेत पालकांची समिती चालते का, लोकांना शाळेची खबर असते का, ते बघणार. अकरातल्या निदान सहा घरांची माणसं त्यांच्यासमोर बसली पाहिजेत. नाहीतर नव्या वर्षापासून शाळा बंद, आणि मुलं मोठ्या बेटावरच्या वसतिशाळेत. सोमवारी जायचं, शुक्रवारी यायचं.

"माझी धाकटी सहा वर्षांची आहे, कोंपाद्रे," बाल्दो म्हणाला. "तिला अजून रात्री आई लागते."

"कधी येणार साहेब?"

"हवा उघडली की. दिवस कोण सांगणार? त्यांची लाँच या वाऱ्यात येते होय?"

आणि हवा काही उघडेना. उत्तरेचा वारा महिनाभर हटला नाही. पाऊस, मग धुकं, मग पाऊस. मी चुलीजवळच्या बाकावर घोंगडी पांघरून पडून असायचो. दिवस आणि झोप यांच्यातली भिंत पातळ झाली होती. डोळे मिटले की खाडी दिसायची, उघडले की खिडकीत तीच खाडी. कधी वाटायचं पाणी अंगणापर्यंत चढलंय आणि घर हळूहळू होडीसारखं हलतंय. मला त्याची भीती वाटत नव्हती.

सप्टेंबरच्या एका पहाटे ती स्वप्नात आली. मला स्वप्नं नीट सांगता येत नाहीत. ती दोरीवर कपडे घालत होती, पण दोरीला शेवट नव्हता, अंगणातून निघून ती पाण्यावरून पलीकडे गेली होती. ती चिमटे तोंडात धरून पाण्यावरून चालत एक एक चादर घालत पुढे जात होती. मी हाक मारली. तिने तोंडातले चिमटे काढले नाहीत, त्यामुळे शब्द बोबडे आले. "घोंगडी धू, म्हाताऱ्या. घाण वास मारतेय."

उठलो तर खिडकीत ऊन होतं. दक्षिणेचा वारा सुटला होता. आमच्याकडे दक्षिणेचा वारा म्हणजे उघाड. पलीकडच्या शेतांवर टिटव्या ओरडत होत्या, आणि लोक बटाटे लावायला बाहेर पडले होते.

मी घोंगडी नाकाशी धरली. तिच्यात आता माझाच वास होता. आठ महिन्यांचा माझा घाम. तिचा वास कधीच गेला होता, मी उगाच राखण करत बसलो होतो.

टबात पाणी तापवून घातलं आणि धुतली. तीनदा पाणी बदललं. भिजल्यावर ती एवढी जड झाली की चुलीवरची काठी मोडली असती, कुंपणही पेललं नसतं. अंगणातली दोरीच तेवढी जाड होती. ती लाल आहे हे माझ्या मनात आलंच नाही. कुणी विश्वास ठेवो न ठेवो, खरं हेच आहे. माझ्यासाठी ती कितीतरी दिवस लाल नव्हतीच. दोन्ही हातांनी उचलून दोरीवर टाकली, चिमटे लावले, आणि उन्हात पायरीवर बसलो. दमलो होतो. डोळा लागला.

झोपेत वल्ह्यांचा आवाज आला. पहिल्यांदा एका बाजूने, मग सगळ्या बाजूंनी. मला वाटलं, आता होड्या घेऊन येतेय ती.

"कोंपाद्रे! अरे, जिवंत आहे हा!"

बाल्दो माझ्यासमोर उभा होता. हातात दोन बादल्या, घामाने निथळत. त्याच्या मागे चढावर माणसंच माणसं. कुणाच्या खांद्यावर कुऱ्हाड, कुणाकडे दोर, समोरच्या किनाऱ्यावरच्या क्लोरिंदाच्या हातात फावडं आणि कोपरापर्यंत पीठ.

"आम्हाला वाटलं तूच गेलास," बाल्दो म्हणाला.

"मी गेलो असतो तर घोंगडी कुणी घातली असती?"

"मग कोण मेलं? काय पेटलं?"

मी वळून दोरीकडे बघितलं. तेव्हा मला ती लाल दिसली. पाणी गळत होतं तिच्यातून.

"धुतली," मी म्हणालो.

मग क्लोरिंदाने फावडं जमिनीत रोवलं. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे, पण तिचं तोंड कुणापेक्षा लहान नाही.

"धुतली? माझी भाकरी भट्टीत आहे, शेजारी! आईला एकटी टाकून आले! चार जणांनी मिळून वल्हवलंय, माझे हात बघा! आणि तुम्ही म्हणता धुतली?"

"चुकलं माझं."

"उद्या खरंच काही झालं आणि तुम्ही लाल लावलंत तर कोण येईल? म्हणतील, म्हातारा अंथरूण धुतोय!"

ती म्हणत होती ते बरोबर होतं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. तीस वर्षांत एदेलमिराने तीनदाच लावलेलं लाल मी कपडे धुण्यात वाया घालवलं होतं.

तेवढ्यात सफरचंदांच्या झाडांतून नीदियाबाई धावत वर आल्या. हात खडूने पांढरे, केस सुटलेले. येता येताच त्या म्हणत होत्या, "काका, पाया पडते, एक चादर..." आणि मग त्यांना सगळे दिसले. त्या थांबल्या. तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही आलात," त्या म्हणाल्या.

"कुठे आहे आग?" बाल्दोने विचारलं.

"आग नाही. साहेब आलेत. हवा उघडली म्हणून सकाळीच निघाले, कळवायला वेळच नव्हता. वर्गात बसलेत. मार्तिना आणि तिचा नवरा, एवढं एकच घर आलंय, तेही पोराला घ्यायला आलं म्हणून. भरती उतरायच्या आत लाँच निघणार."

बाल्दोने बादल्या उचलल्या. "चला," तो म्हणाला. बादल्या कशाला घेतल्या ते त्यालाही माहीत नसेल. सगळे तसेच उतरले, कुऱ्हाडींसकट. क्लोरिंदाही गेली, पण जाताना माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तुमचं माझं नंतर."

मला मूल नाही, नातवंड नाही. शाळेच्या बैठकीत माझं काय काम? पण बाईंनी माझी बाही धरली.

मुलांना बाहेर खेळायला सोडलं होतं. वर्गात बाकं लहान आहेत. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली. फावडी, कुऱ्हाडी भिंतीला लागल्या. साहेबांचं नाव आग्वायो, बारीक माणूस, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला, लाँचीच्या हेलकाव्यांनी तोंड फिकुटलेलं. त्यांनी हत्यारांकडे बघितलं आणि खुर्ची जराशी मागे घेतली.

"आपण सगळे... पालक?"

"नाही, लुटारू," क्लोरिंदा म्हणाली. "पण पोरं इथेच शिकतात."

लोक हसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी माणसं मोजली. दहा घरं. अकरावं घर त्या आठवड्यात लोकर विकायला गेलं होतं.

"शाळेत काय चाललंय ते तुम्हाला माहीत असतं का?"

खरं उत्तर होतं, आठ महिने नाही. आणि लोकांनी ते खरं उत्तर दिलं. एकदम, सगळ्यांनी.

"दुधाची पावडर आली ती मला कळलीच नाही!"

"चिठ्ठी दिली होती मी," बाई म्हणाल्या.

"चिठ्ठी वाचायला माझ्याकडे डोळे आहेत का? चष्मा माझा कोळशात पडला!"

"आणि माझ्या पोराला मागच्या बाकावर कुणी बसवलं? त्याला फळा दिसत नाही."

"तुझ्या पोराला मासाही दिसत नाही, त्याला फळ्याचं काय सांगतोस."

"स्टोव्हची धुराची नळी गळते म्हणून मी जूनमध्ये म्हटलं होतं. जूनमध्ये!"

"मग दुरुस्त का नाही केलीस?"

"मला कुणी बोलावलं का?"

बाई उभ्याच होत्या. आधी त्यांचा चेहरा पडला होता. मग त्यांनी खडू उचलला आणि एकेक गोष्ट फळ्यावर लिहायला लागल्या. स्टोव्ह. बाक. पावडर. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "नळी कोण बघतं?" बाल्दोने हात वर केला. बसल्या जागेवरून उठून तो नळीखाली जाऊन उभा राहिला आणि तोंड वर करून बघू लागला. अंगावर काजळी पडली तरी हलेना.

साहेब लिहीत होते. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "एक गोष्ट सांगा. मी येणार हे बाईंनाही माहीत नव्हतं. तुम्हाला बैठकीची खबर कशी मिळाली?"

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खोटं बोलणं सोपं होतं. पण एदेलमिराने त्या दोरीवर कधी खोटं लावलं नव्हतं, आणि मी आज लावून बसलो होतो. एकावर दुसरं नको.

"खबर नव्हती, साहेब," मी म्हणालो. "मी बायकोची घोंगडी धुतली. ती लाल आहे. इथे लाल लागलं की लोक समजतात पोरांना काही झालं. म्हणून आले. माझी चूक आहे, त्यांची नाही."

मग मला सगळं सांगावं लागलं. दोरी, चादरी, स्वयंपाक, जानेवारीत ती गेली ते. मी एवढा बोललो नव्हतो कित्येक दिवसांत. साहेबांनी मध्येच चष्मा काढला आणि दोरा सारखा केला.

"म्हणजे पोरांना काही झालं असं समजून अर्ध्या तासात नऊ घरं पाणी ओलांडून आली," ते म्हणाले.

"अर्धा तास कसला," क्लोरिंदा म्हणाली. "ओहोटी असती तर चालत आलो असतो."

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "इथे एक रकाना आहे. पालकांना कळवण्याची सोय. काय लिहू?"

"दोरी लिहा," क्लोरिंदा म्हणाली.

त्यांनी ते लिहिलं. मी पाहिलं, कागद उलटा होता तरी.

लाँच गेली. माणसं आपापल्या होड्यांकडे गेली. क्लोरिंदा मात्र चढ चढून माझ्या अंगणात आली. मला वाटलं आता भाकरीचं निघणार.

"लाल काढा," ती म्हणाली. "नाहीतर माझी आई दारात बसून राहील. सगळं ठीक असलं की एदेलमिरा लाल काढून तिथे पांढरं घालायची."

मी घोंगडी काढली. पेटीतून चादर आणली, घातली.

"आणि उद्या काय घालणार? शुक्रवारी शिधा येतोय, बाईंनी सांगितलंय."

"मला येत नाही."

"तीस वर्षं तिच्या शेजारी झोपलात आणि येत नाही?"

"मी या बाजूला होतो, क्लोरिंदा. इथून सगळं उलट दिसतं. इथून नुसते कपडे दिसतात."

ती होडीकडे वळली. मग म्हणाली, "बसा होडीत."

पाणी सपाट होतं, दुधासारखं. वल्हं पडेल तेवढंच हलायचं. मी होडीच्या पुढच्या टोकाला पाठ करून बसलो, त्यामुळे माझं घर माझ्यापासून लांब जाताना दिसत राहिलं. आधी खिडकी दिसेनाशी झाली, मग दार, मग टोकावरचा नुसता राखाडी ठिपका राहिला. चादर मात्र दिसत होती. नखाएवढी, पण दिसत होती. मला वाटलं, मी अजून पायरीवर झोपलोय की काय.

क्लोरिंदाची आई खरंच दारात बसली होती. नव्वदीची आहे. तिने पलीकडे बोट केलं. "पांढरं लागलं," ती म्हणाली. "म्हणजे कुणी मेलं नाही." मग माझ्याकडे बघून, "हे कोण?"

"एदेलमिराचे, आई."

"असं." तिने मला शेजारी बसवलं आणि शिकवलं. एक पांढरी, बैठक. दोन पांढऱ्या, शिधा. निळं, उद्या शाळा नाही. पिवळं, नर्सबाई. चादरीशेजारी टॉवेल म्हणजे बापांनीही यायचं, नुसत्या आयांनी नाही. "टॉवेल लागला की घराघरांतून भांडणं," ती म्हणाली आणि हसली. तिला एकही दात नाही. "आणि घालून झालं की ती हात हलवायची."

"हात?"

"असा. एकदाच. रोज. मी म्हणायची, मला हलवते."

"तुला कशाला," क्लोरिंदा म्हणाली. "मला हलवायची ती."

मी एदेलमिराला तीस वर्षं खिडकीतून पाठमोरी बघितलं होतं. हात वर जाताना दिसायचा. मला वाटायचं, डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून धरते. पावसातही धरायची, तेव्हाही मी काही विचारलं नव्हतं.

आम्ही तिघं बसून राहिलो. पलीकडे टोकावर चादर हलली, थांबली, परत हलली. क्लोरिंदाने जळकी भाकरी आणून माझ्या मांडीवर ठेवली. "ही तुमची," ती म्हणाली. मी ती सगळी खाल्ली.

नाताळच्या आधी पत्र आलं. शाळा राहिली. पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी सकाळी धुकं होतं. मी पेटीतून दोन पांढऱ्या चादरी काढल्या आणि अंगणात गेलो. दोरीचं एक टोकच दिसत होतं, दुसरं धुक्यात गेलं होतं. पाणी कुठे होतं ते नुसतं आवाजाने कळत होतं. दोन्ही चादरी घातल्या. मग इकडे तिकडे बघून, कुणी नाही ते बघून, एकदा हात हलवला.

आत आलो. माझे दोन शर्ट धुतलेले टबात पडले होते. कुंपणाकडे न्यायला उचलले, आणि परत ठेवले. आमचे कपडे कुठे वाळतात ते मला माहीत होतं. चुलीवरच्या काठीवर टाकले, दोन लाकडं सारली, माते केला.

दुपारी धुकं उठलं. पाण्यावर होड्या दिसायला लागल्या, पोती न्यायला निघालेल्या. मी बाहेर जायला शर्ट घातला. बटणं लावता लावता हात थांबला. धुराच्या वासाची ती कॉलर नाकाशी धरली, आणि होड्या किनाऱ्याला लागेपर्यंत तसाच उभा राहिलो.